आजोबांच्या जुन्या घड्याळाची डायल आधीच रंगवलेली आहे, मग ते रिस्टोअर करावं का?

मशीनवर खर्च करा, डायलला हात लावू नका. माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. पण तुम्हाला दोन जणांनी दोन टोकांचं सांगितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय ते असं: आजोबांना 1966 साली लग्नात मिळालेलं फेवरल्युबा कंपनीचं ‘सी किंग’ मॉडेलचं घड्याळ घरात आहे. चावी दिली की दोन-तीन तास चालतं आणि बंद पडतं. डायल आजोबांनीच पुढे कधीतरी अमरावतीहून रंगवून आणली होती. नागपूरच्या एका दुकानदारानं नवी डायल, केसचं (म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाचं) पॉलिश आणि सर्व्हिसिंग मिळून ‘फुल रिस्टोरेशन’चे साडेसात हजार सांगितले. आणि जुनी घड्याळं जमवणारा तुमचा मित्र म्हणतो, डायल रिफिनिश आहे म्हणजे घड्याळ गेलं, एक रुपया घालू नको.

मित्राचं म्हणणं बाजारापुरतं खरं आहे. जमवणारा माणूस आधी डायल बघतो, मशीन नंतर. रंगवलेली निघाली की भाव पडला. त्यातून फेवरल्युबा आपल्याकडे काही दुर्मिळ नाही. कंपनी 1737 ची, स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावची, पण 1865 पासून तिचा मुंबईत व्यापार होता. त्यामुळे सी किंग आणि सी चीफ ही तिची मॉडेलं विदर्भातल्या गावागावांत आजही पेटीच्या तळाशी सापडतात. मूळ डायल असती तरी फार मोठी रक्कम आली नसती. शिवाय तुम्ही विकायचं म्हटलेलंच नाही. पोळ्याला, लग्नकार्यात हातावर बांधायचं म्हणताय. मग भाव पडला काय आणि चढला काय? दुकानदाराचं म्हणाल, तर तो तीन वेगळी कामं एका रकमेत बांधतोय. त्यातलं एकच काम तुमच्या घड्याळाला हवंय.

माझं दारव्ह्याला कृषी केंद्र आहे. वडील घड्याळजी होते. त्यांचं काचेचं कपाट, डोळ्याचं भिंग आणि चिमटे अजून माझ्या काउंटरच्या कोपऱ्यात आहेत. बियाण्या-खताची गर्दी ओसरली की आसपासच्या खेड्यांतून जुनी घड्याळं येतात. वेस्ट एंड, सँडोज, एचएमटी जनता, फेवरल्युबा. त्यातल्या निदान निम्म्या स्विस घड्याळांच्या डायली रंगवलेल्या निघतात, आणि मालकाला बहुतेक वेळा ते ठाऊकच नसतं.

तेव्हा डायल रंगवून घेणं हे वाईट काम समजलं जात नव्हतं. कास्तकाराच्या मनगटावर घड्याळ म्हणजे घाम, काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यातली ओल. काचेच्या कडेनं किंवा चावीतून ओल शिरली की डायलवरचं लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, पिवळं पडायचं, मग काळे ठिपके यायचे, शेवटी आकडे दिसेनासे व्हायचे. परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध होते, नवी स्विस डायल कुठून आणणार? मग घड्याळजी पाच-दहा डायली साठल्या की मोठ्या शहरात पाठवायचा आणि त्या चकचकीत होऊन परत यायच्या. गिऱ्हाईक खूश. तुमच्या आजोबांनी पदरचे पैसे मोजून हेच केलं. म्हणजे आज जी डायल ‘नकली’ वाटतेय, तीच त्यांनी पुढची सगळी वर्षं वेळ बघायला वापरली. नागपूरकर जी नवी लावेल ती त्यांनी कधी पाहिलेली नसेल.

आता पुन्हा रंगवलं तर काय होतं, तेही समजून घ्या. आधी जुना रंग केमिकलनं उतरवतात. तासांच्या उभ्या काड्या काढून ठेवतात. खालचा पितळी पत्रा घासून साफ करतात, त्यावर नवा रंग किंवा प्लेटिंग चढवतात, मग ठशानं नाव आणि मिनिटांच्या रेघा छापतात आणि वरून लॅकर मारतात. मूळ स्विस डायलवर अनेकदा मधल्या भोकापासून कडेपर्यंत बारीक ब्रश फिरवलेला असतो. घड्याळ उन्हात तिरपं केलं की उजेडाची पट्टी डायलवर फिरताना दिसते. पत्रा घासला की ते काम कायमचं गेलं. तुमच्या डायलचं ते पहिल्याच वेळी गेलं असणार, आणि दुसऱ्यांदा रंगवून ते परत येत नाही. आणखी एक थर खरवडला जाईल, आणखी एक ठसा बसेल, आणि तो ठसा मूळ नावाच्या वळणाशी जुळेलच याची खात्री कोणी देत नाही.

डायल खरंच रंगवलेली आहे का, याची एकदा खात्री करून घ्या. मित्राचा अंदाज चुकूही शकतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं किंवा दहा पटीच्या भिंगानं बघा. मूळ छपाईत अक्षराची कड सुरीनं कापल्यासारखी साफ असते. रंगवलेल्यात शाई किंचित पसरलेली असते आणि ‘फेवरल्युबा’तली बारीक अक्षरं जाडसर दिसतात. मिनिटांच्या रेघा तासांच्या काड्यांच्या बरोब्बर मध्यावर येतात का ते पाहा. सहाच्या खाली बहुतेक वेळा ‘स्विस मेड’ असतं. रंगवणारे ते कधी गाळतात, कधी वर सरकवतात. डायलच्या कडेला तीन किंवा नऊपाशी इवलीशी खाच दिसली, तर ती अनेकदा छपाईच्या वेळी डायल सरळ बसावी म्हणून रंगवणाऱ्यानं पाडलेली असते. सगळ्यात खात्रीचा पुरावा मागच्या बाजूला असतो, पण त्यासाठी डायल काढावी लागते. तिथे सुईनं कोरलेला एखादा नंबर किंवा रंगाचे उडालेले शिंतोडे असतात.

त्याच वेळी घड्याळजीला डायलचे पाय बघायला सांगा. डायलच्या पाठीला दोन बारीक तारांचे पाय असतात, ते मशीनमधल्या भोकांत बसतात आणि बाजूच्या स्क्रूनं आवळले जातात. रंगकामाच्या खटाटोपात ते बरेचदा मोडतात, मग डायल गोंदानं चिकटवतात. हे मात्र मी चालवून घेत नाही. उन्हाळ्यात गोंद मऊ पडतो, डायल केसभर सरकते, मधल्या भोकाची कड काट्याच्या नळीला घासते आणि घड्याळ थांबतं. तुमचं घड्याळ दोन-तीन तासांत थांबतंय ते कदाचित यामुळेही असेल. रंगाचा थर जाड असला आणि भोकाशी साचला असला तरी तसंच होतं. अशा वेळी भोकाच्या कडेचा तेवढाच रंग हलक्या हातानं काढायचा. पूर्ण डायल रंगवायला द्यायचं काही कारण नाही.

मी डायल बदलायला सांगतो ते एकाच परिस्थितीत: रंगाचे पापुद्रे सुटून मशीनमध्ये पडत असतील तर. तेव्हाही आधी त्याच मॉडेलची जुनी मूळ डायल शोधावी. ऑनलाइन ‘ओरिजिनल’ म्हणून जे विकतात त्यातलं पुष्कळ रंगवलेलंच असतं. आणि पायांच्या जागा, तारखेची खिडकी, सेकंदकाटा मध्ये की खाली, हे तुमच्या मशीनशी जुळलं नाही तर ती डायल पेपरवेट म्हणूनसुद्धा कामाची नाही.

मशीनचं काम मात्र पूर्ण करून घ्या. नुसतं झाकण उघडून तेलाचा थेंब सोडणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. सगळे भाग सुटे करून धुवायचे, योग्य ठिकाणी योग्य तेल द्यायचं, मेनस्प्रिंग, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग, थकली असेल तर बदलायची. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. वर्षानुवर्षं पेटीत पडलेल्या घड्याळाचं तेल या उन्हानं कधीच चिकट झालेलं असतं. फेवरल्युबाच्या काही मशीनमध्ये दोन बॅरल, म्हणजे स्प्रिंगच्या डब्या, असतात, म्हणजे दोन मेनस्प्रिंगा. अशा डायलवर अनेकदा ‘ट्विन पॉवर’ लिहिलेलं असतं, पण रंगवलेल्या डायलवरच्या मजकुरावर विसंबू नका, मशीन उघडून बघायला सांगा. दोन असतील तर दोन्ही स्प्रिंगा तपासल्या पाहिजेत. काम झाल्यावर पूर्ण चावी देऊन एक दिवस डायल वर, एक दिवस डायल खाली, एक दिवस उभं असं ठेवून बघा. तिन्ही स्थितींत दिवसभर चाललं आणि मिनिट-दोन मिनिटांचा फरक पडला, तर एवढ्या जुन्या घड्याळाकडून मी तरी याहून जास्त मागत नाही.

एक निवृत्त गुरुजी त्यांचं सँडोज घेऊन आले होते. डायलवर निळसर झाक, नाव किंचित तिरकं छापलेलं. मुलानं शहरातून ‘नवी डायल बसवून घ्या’ म्हणून पैसे पाठवले होते. गुरुजी म्हणाले, “चालू करून दे बाबू. काटे दिसले म्हंजे झालं, मले काय त्याले नवरदेवावानी सजवाचं हाये?” मशीन केलं, काच बदलली, उरलेल्या पैशांत त्यांनी नातीला सायकलचं सामान घेतलं. निर्णय म्हणून मला तो अगदी नमुनेदार वाटला.

केसचं पॉलिशही नको म्हणा. तुमची केस स्टीलची आहे की पितळेवर क्रोमची, ते आधी बघा. मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ एवढंच लिहिलेलं असेल तर बहुधा फक्त झाकण स्टीलचं असतं. क्रोमच्या केसला घामानं खड्डे पडतात आणि पॉलिशच्या चाकावर धरलं की उरलंसुरलं क्रोमही जातं, खालचं पिवळं पितळ उघडं पडतं. स्टीलची असेल तर खड्डे त्यामानानं कमी पडतात, पण चाकावर कानांच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या टोकांच्या, धारा गोल होतात. काच प्लास्टिकची असते, तिचे ओरखडे घासून जातात, ते जरूर करून घ्या.

झाकण उघडलं की आतली बाजू उजेडात धरा. जुने घड्याळजी सर्व्हिसिंग केल्यावर तिथे सुईनं तारीख, नंबर किंवा स्वतःची खूण कोरायचे. तुमच्या झाकणात दोन-तीन वेगवेगळ्या हातांच्या खुणा सापडतील, कदाचित डायल कधी रंगवली त्याचं सालही. फोटो काढून ठेवा, आणि ती बाजू कोणाला घासू देऊ नका.

एक सावधगिरी. काट्यांच्या पोटात हिरवट किंवा तपकिरी झालेली पट्टी असेल तर ती अंधारात चमकण्यासाठी भरलेली असते. 1960 च्या दशकापर्यंत त्यात रेडियम वापरत. डायल रंगवताना काटे बरेचदा जुनेच ठेवलेले असतात, म्हणून डायल नवी दिसली तरी काटे तपासा. ती पट्टी आता चमकत नाही म्हणून निरुपद्रवी समजू नका. चमकणारं रसायन संपतं, रेडियम मात्र निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात. काच आणि झाकण नीट बसलेलं असताना हातावर घालायला फारशी भीती नाही. पण काच काढून ती पट्टी खरवडू नका, तिची भुकटी नाकातोंडात जाता कामा नये.

पुढे कधी विकायची वेळ आलीच, तर डायल रंगवलेली आहे हे घेणाऱ्याला आधीच सांगा. आणि ठेवायचं असेल तर कूलरसमोरच्या खुंटीवर ठेवू नका. आपल्या घरांत उन्हाळाभर कूलर ज्या भिंतीकडे तोंड करून चालतो, नेमकं तिथेच घड्याळ टांगलेलं असतं, आणि ती ओलसर हवा डायलला घामापेक्षा जास्त खाते.

पट्टा कातडी घेतलात तर आपल्या उन्हाळ्यात तो एका हंगामात कुजतो. नायलॉनचा घ्या. घेण्याआधी केसच्या दोन कानांमधलं अंतर पट्टीनं मोजा. या घड्याळांचं बहुतेक 18 मिलिमीटर भरतं, पण मोजूनच घ्या.