‘जेवलीस?’ या प्रश्नाचं खरं उत्तर

बाय,

गोव्यातल्या साखळीहून तू लिहिलंस की सप्टेंबरात लीड्सला एक वर्षाच्या एमएस्सीला निघालीस आणि घर सोडून राहण्याची ही पहिलीच वेळ. ‘ताई, अभ्यासाचं मी बघेन, पण जेवणाचं आणि एकटेपणाचं काय करू ते सांग,’ असं विचारलंस. हे दोन प्रश्न तू एकाच वाक्यात विचारलेस ते बरं झालं, कारण ते एकच आहेत. मला ते कळायला एक अख्खा हिवाळा लागला.

मीही गोव्यातलीच, मयेची. आठ वर्षांपूर्वी अशीच एका वर्षासाठी उत्तर इंग्लंडात आले आणि आता इथल्याच एका विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या मदत कक्षात काम करते. आधी माझं सांगते.

वसतिगृहात सहा जणींना मिळून एक स्वयंपाकघर होतं. दुसऱ्या आठवड्यात मी बांगड्याचं हुमण, म्हणजे आपली माशाची आमटी, केलं. घरून आणलेली तिरफळं, सोलां (आमसुलं), दुकानातलं गोठवलेलं खोबरं, सगळं जमून आलं होतं. शेवटी वर थोडी फोडणी द्यावी म्हणून तेल तापवलं आणि छतावरचा धुराचा भोंगा वाजला. रात्री साडेनऊला सगळी इमारत खाली अंगणात, थंडीत, पायजम्यात उभी. कोणी मला काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र फ्रिजवर चिठ्ठी होती, माशाच्या वासाबद्दल, सभ्य शब्दांत. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात जायचंच सोडलं. खोलीत टोस्ट, बिस्किटं, चहा. महिनाभराने टोस्टही नकोसा झाला.

आई रोज रात्री नऊला फोन करायची. हिवाळ्यात घड्याळात साडेपाच तासांचा फरक असतो, म्हणजे माझ्याकडे दुपारचे साडेतीन. आई विचारायची, ‘जेवलीस?’ मी ‘हो’ म्हणायचे. ती रात्रीच्या जेवणाचं विचारत होती आणि मी दुपारचंही जेवलेली नसायचे. फेब्रुवारीपर्यंत सात किलो वजन गेलं, केस मुठीने येत होते, पहाटे तीनला जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. मला वाटायचं मी आळशी झालेय. डॉक्टरकडे गेले ती केसांसाठी. तिने पहिलाच प्रश्न विचारला, ‘कालच्या दिवसात काय काय खाल्लंस, आठवून सांग.’ मला सांगता येईना, आणि मी तिथेच रडायला लागले. रक्तात लोह कमी, ड जीवनसत्त्व कमी, आणि मन आजारी. त्यातलं आधी काय आणि मागाहून काय, हे ती शोधत बसली नाही. तिन्हींवरही एकदमच उपचार सुरू केले.

आता तुझं. लीड्सला २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सव्वाआठ वाजून गेल्यावर उगवतो आणि दुपारी पावणेचारला मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि एका रात्रीत संध्याकाळ तासभर अलीकडे येते. त्या आठवड्यात आपली बरीच मुलं एकदम गप्प होतात, हे मी दर वर्षी पाहते. गोव्यात उन्हाचा विचार आपण कधी केलेला नसतो, छत्री घेतो तीही ऊन टाळायला. लीड्सला दुपारी बाराला, वर्ग असो वा नसो, अर्धा तास बाहेर चाल. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत सगळ्यांनीच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असा ब्रिटिश सरकारचा सल्ला आहे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना तर वर्षभर. औषधांच्या दुकानात गोळ्या स्वस्त मिळतात. पूर्ण शिवराक (शाकाहारी) असलीस तर बी-१२ जीवनसत्त्व गोव्यातच तपासून घे.

दुसरी गोष्ट डॉक्टरची. व्हिसासाठी अर्ज करताना तू वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरशील. इतके पैसे भरूनही आपली मुलं ‘तिथे डॉक्टर महाग’ म्हणून नाव नोंदवायला जातच नाहीत. डॉक्टरला भेटायला वेगळे पैसे पडत नाहीत. इंग्लंडात औषधाच्या चिठ्ठीवर दर औषधामागे सुमारे १० पौंड, तेवढेच. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात, तब्येत ठणठणीत असतानाच, जवळच्या जीपीकडे, म्हणजे त्या भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, नोंद कर. आजारी पडल्यावर अर्ज भरायला अंगात त्राण नसतं, हे मी स्वतः अनुभवलंय. चिंता, नैराश्य यांसाठी एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीज (बोलण्यातून उपचार) आहेत, तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट स्वतः नाव देता येतं. विद्यापीठाचा समुपदेशकही असतो, पण परीक्षेच्या दिवसांत रांग लागते, म्हणून वाट बघत बसू नकोस. घरी काही मनाची औषधं चालू असतील तर (तू लिहिलं नाहीस, विचारतही नाही) डॉक्टरचं पत्र घे, त्यात औषधाचं ब्रँडचं नाव नको, मूळ नाव हवं. प्रवासाच्या धांदलीत गोळ्या अचानक बंद पडणं फार वाईट.

अगदी रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर १११ फिरवून २ दाब, मानसिक आरोग्याची माणसं थेट बोलतात. समॅरिटन्स या मन मोकळं करायला ऐकून घेणाऱ्या संस्थेचा ११६ १२३ चोवीस तास चालू असतो आणि फुकट असतो. हे दोन्ही आकडे आत्ताच फोनमध्ये टाक.

समुपदेशकाकडे गेलं की विद्यापीठाला कळतं, व्हिसा जातो, घरी कळवतात, अशा अफवा आपल्या मुलांच्या गटांत फिरतात. समुपदेशकाकडचं बोलणं गुप्त राहतं. जिवाला धोका असला तर गोष्ट वेगळी. तू अठरा पूर्ण आहेस, तुझ्या संमतीशिवाय आईबाबांना सहसा कळवत नाहीत. उलट हेच लक्षात ठेव की घरच्यांना आपोआप काही कळणार नाही, म्हणून कोणाला कळवायचं ते तूच ठरवून ठेव. एवढं मात्र खरं की आजारामुळे अभ्यास काही काळ थांबवायचा झाला तर व्हिसावर परिणाम होऊ शकतो. तसं वाटलं तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कक्षात जा, मगच फॉर्म भर. निबंध वेळेत होणार नसेल तर मुदतीच्या आधी अर्ज कर. मुदत गेल्यावर तेच कारण सांगताना तुला दुप्पट त्रास होईल.

आणि ‘वेड लागलंय का तिला’ हा शब्द मनातून काढून टाक. पणजीत मांडवीकाठी जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे ना, शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी पाहिलेला. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये लोकांना समजावून सांगत होता की संमोहनाची शक्ती समोरच्याच्या मनात असते, करणाऱ्याच्या हातात नाही. आपल्याच गोव्यात १९९६ पासून संगाथ ही संस्था साध्या गावच्या माणसांना शिकवून मनाच्या आजारांवर समुपदेशन करवते. मनाच्या दुखण्याबद्दल बोलायला आपल्याला परक्याची परवानगी नको.

आता जेवण. रोज रांधणार, असं ठरवू नकोस, ते टिकत नाही. रविवारी एक मोठा टोप कर, तीन डब्यांत भर, दोन दिवसांत संपणार नाही ते फ्रीझरमध्ये टाक. उकडा तांदूळ आपल्यासारखा मिळणार नाही, पण केरळी किंवा श्रीलंकन दुकानात लाल मट्टा तांदूळ मिळतो, त्याची पेज जवळजवळ आपल्यासारखी लागते. परीक्षेत पोटात काही ठरत नाही तेव्हा पेज, मीठ आणि लोणच्याची फोड, एवढ्यावर मी दिवस काढलेत. डब्यातला बांगडा स्वस्त असतो, त्यात ड जीवनसत्त्वही असतं. कांदा, आले, सोलां टाकून दहा मिनिटांत होतो. डब्यातले काबुली चणे, मसूर, अंडी, गोठवलेला पालक, ओट्स, एवढं कपाटात असलं की उपाशी झोपायची वेळ येत नाही. सुपरमार्केटात रात्री उशिरा पिवळी चिठ्ठी लावलेल्या वस्तू निम्म्या किमतीला मिळतात. पैसे संपले तर विद्यार्थी संघाला विचार, बऱ्याच ठिकाणी शिध्याचं कपाट असतं, त्यात लाज काही नाही. आणि कामाच्या मागे जेवण सोडू नकोस. सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं. रात्रपाळी घेणारी मुलं सकाळी जेवणाऐवजी झोप निवडतात आणि दोन्ही हुकतात.

फोडणी देताना खिडकी उघड, पंखा लाव आणि झाकण हाताशी ठेव. पहिल्याच दिवशी सोबतच्या मुलींना सांग की मी मासे रांधते, कोणाला त्रास होत असेल तर वेळ ठरवूया. मी गप्प राहिले, तीच माझी मोठी चूक. त्या वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत एक नायजेरियन मुलगी होती. मार्चमध्ये तिने माझं दार वाजवलं आणि विचारलं, ‘तू तो मासा पुन्हा का नाही केलास?’ तिच्या घरीही मासा शिजायचा. त्यानंतर आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी एकत्र जेवायला लागलो. मी बरी झाले त्यात औषधाचा वाटा होताच, पण त्या दोन रात्री आठवड्यातले बाकीचे दिवस धरून ठेवायच्या. एकटीने जेवताना ताट अर्धंच सोडलेलं कोणाला दिसत नाही. आठवड्यातले दोन दिवस तरी कोणाबरोबर तरी जेव, अगदी मॅगी असली तरी.

आईला एक सांग. ‘जेवलीस का?’ असं विचारू नको, ‘आज काय जेवलीस?’ असं विचार. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून सुटता येतं. दुसऱ्याला पदार्थाचं नाव सांगावं लागतं, आणि सलग तीन दिवस नाव सुचलं नाही तर तुझं तुलाच कळेल. मग त्याच दिवशी डॉक्टरची वेळ घे. आई रडते म्हणून तिच्यापासून लपवू नकोस. माझ्या आईला सगळं कळलं तेव्हा ती रडली, आणि मग विचारलं, ‘तांदूळ कुठला मिळतो तिथे?’

सामानाचं थोडक्यात. तूप, पेढे, चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) बॅगेत घालू नकोस, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. तूप इथे मिळतं. सोलां, तिरफळं, घरचा मसाला ने. कुकर इंडक्शनवर चालणारा बघ, आणि दीड लिटरचा नको, तीन लिटरचा घे. शेजारची जेवायला आली तर पुरायला हवा.