चर उपसण्यापूर्वी
फिनलंडमध्ये विसाव्या शतकात जंगलवाढीसाठी सुमारे ४७ लाख हेक्टर पीटभूमीत (पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा पाणथळ थर) पाणी काढून टाकायला चर खणले गेले, त्यामुळे शेवाळाने बुजलेले जुने चर तुम्हाला जागोजागी दिसतील. ते दिसताच उपसायला मात्र घेऊ नका. आधी झाडे पाहा, कारण दाट वाढलेले पाइन मुळांनी इतके पाणी ओढून हवेत सोडतात की चराचे बरेचसे काम तेच करतात. उन्हाळ्याच्या अखेरीस भूजल ३०-४० सेंटिमीटर खोल असले, तर वरचा तेवढा कोरडा थर मुळांना पुरतो. त्याहून खाली गेले की पीटमध्ये हवा शिरते, ते कुजते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. उपसणे अटळच असेल, तर ओढ्याजवळचा भाग तसाच सोडा. मूठभर पीट दाबून पाहा: ते बोटांतून चिखलासारखे निसटले, तर त्याचा बारीक गाळ गाळखड्ड्यात नीट बसत नाही, म्हणून पाणी झाडोऱ्यावर पसरवूनच पुढे जाऊ द्या.