उन्हवऱ्याच्या गरम पाण्याखाली ज्वालामुखी आहे का? आणि जिवंत ज्वालामुखी चढायचा तर कुठे जावं?

नाही, दापोलीजवळच्या उन्हवऱ्याखाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं. हरिहरेश्वरचा काळा कातळ मात्र खरोखरच लाव्हाचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा.

भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे. तिथे उतरू देत नाहीत, बोटीतूनच बघायचा.

चढायचाच असेल तर मी बालीतला बातूर सुचवेन. उंची 1717 मीटर, चढ साधारण दोन तासांचा. रात्री अंधारातच निघायचं, सूर्योदय माथ्यावर. वर खडकाच्या फटींतून वाफ निघते, वाटाडे तिच्यावर अंडी उकडून देतात. त्या फटीवर हात धरला तेव्हा मला उन्हवऱ्याचं कुंडच आठवलं! चढण्यापेक्षा उतरणं अवघड. सुटी काळी खडी पायाखालून सरकते, पावसात शेताच्या बांधावरून चालावं तसं. चपला नकोत, बूटच घाला. अंगात जाड स्वेटर हवा, आपल्या कोकणी माणसाला तिथली पहाटेची थंडी झेपत नाही. दमा असेल तर वाफेपासून लांब राहा. आणि निघण्याआधी त्या दिवशीचा धोक्याचा इशारा नक्की बघा. वाटाड्या 'आज नको' म्हणाला, तर हुज्जत न घालता मागे फिरा.