गाडीत सॅटेलाइट रेडिओ घ्यावा का? आधी रस्ता सांगा

तुमचा प्रश्न वाचला. पिट्सबर्गला येऊन तीन-चार महिने झाले, 2019 ची वापरलेली गाडी घेतली, तिच्यासोबत सिरियसएक्सएम या सॅटेलाइट रेडिओचे तीन महिने फुकट मिळाले आणि ते आता संपत आले. अहोंचं म्हणणं, फोन असताना पैसे कशाला. तुम्हाला मात्र जॅझचं चॅनेल सोडवत नाही. शिवाय 'आपल्याकडे वर्ल्डस्पेस हा उपग्रहावरचा रेडिओ होता, तेच का हे?' असंही विचारलंत.

मी या भागात 14 वर्षं आहे. काम इस्पितळांच्या लॅबमधली यंत्रं दुरुस्त करायचं, म्हणजे पश्चिम पेनसिल्व्हेनिया, ओहायोचा पूर्व भाग आणि वेस्ट व्हर्जिनिया गाडीनेच पालथं घालायचं. वर्षाला 25-30 हजार मैल होतात. म्हणून माझा पहिला प्रश्न चॅनेलचा नाहीच. तुमची गाडी जाते कुठे?

ऑफिस, इंडियन स्टोअर, मुलांचे क्लास आणि सणावाराला पेन हिल्सचं वेंकटेश्वर मंदिर, एवढंच असेल तर घेऊ नका. अहोंचं बरोबर आहे. शहरात फोनला रेंज असते आणि एफएमवरही चांगलं ऐकायला मिळतं. बातम्यांना 90.5, शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताला 89.3, आणि तुमच्यासाठी मुद्दाम सांगते, 101.1 वर डब्ल्यूझेडयूएम हे पूर्णवेळ जॅझचं स्टेशन आहे. फुकट. आधी ते आठवडाभर लावून बघा.

महिन्यातून दोनदा तरी डोंगराकडे किंवा लांबच्या हायवेवर जाणार असाल तर पुढचं वाचा.

'कोणती कंपनी निवडू' हा प्रश्न 2008 नंतर उरलेलाच नाही. आधी दोन कंपन्या होत्या: एक्सएम सप्टेंबर 2001 मध्ये सुरू झालं, सिरियस जुलै 2002 मध्ये देशभर पोचलं, आणि एकमेकांशी झुंजून दोघंही कर्जात बुडाल्यावर जुलै 2008 मध्ये एक झाले. आता अमेरिकेत गाडीसाठी उपग्रहावरून येणारा रेडिओ म्हणजे हीच एक कंपनी. त्यामुळे निवड करायची ती तीन गोष्टींतून: गाडीतला उपग्रहाचा रेडिओ, कंपनीचं फोनवरचं नुसतं ॲप, किंवा काहीच नाही.

वर्ल्डस्पेसशी याचं नातं लांबच्या चुलत भावासारखं आहे. आमच्या सांगलीच्या घरी तो संच होता. सकाळी बाबा त्यावरचं रेडिओ गांधर्व हे शास्त्रीय संगीताचं चॅनेल लावायचे आणि त्याची ती चपटी अँटेना पूर्वेच्या खिडकीत ठेवलेली असायची. कारण एशियास्टार हा उपग्रह विषुववृत्तावर 105 अंश पूर्वेला, म्हणजे आपल्याकडून पाहता पूर्व-आग्नेयेला. आई पडदा धुवायला काढताना अँटेना सरकवायची आणि भीमपलास मध्येच थांबायचा. स्थिर घरातही दिशा सांभाळावी लागणारी ती व्यवस्था, चालत्या गाडीचं काम तिचं नव्हतं. मूळ कंपनीने 2008 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि 31 डिसेंबर 2009 ला भारतातली सेवा संपली.

इथला रेडिओ मुळातच गाडीसाठी बेतलेला आहे. उपग्रह खूप ताकदीचे, म्हणून टपावरची माशाच्या परासारखी छोटी अँटेना पुरते, तिला दिशा दाखवावी लागत नाही. एकच कार्यक्रम एकाहून अधिक उपग्रहांवरून येतो, तोही काही सेकंद मागे-पुढे करून. रेडिओ ते तुकडे साठवून जुळवतो. म्हणून पुलाखालून जाताना गाणं तुटत नाही. मोठ्या शहरांत उंच इमारतींमुळे आकाश दिसत नाही, तिथे कंपनीने जमिनीवर रिपीटर, म्हणजे तोच कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित करणारी यंत्रं, बसवलेत. लांब बोगद्यात मात्र बहुधा गप्प होतो, खंबाटकीच्या बोगद्यात एफएम जायचं तसाच.

आता यातली मेख. हे उपग्रह विषुववृत्तावर, म्हणजे आपल्याला ते कायम दक्षिणेकडे दिसणार. तुमचा रस्ता डोंगराच्या उत्तर उतारावरून किंवा अरुंद घळीतून जात असेल तर डोंगरच आड येतो. झाडंही येतात. आमच्याकडे जूनमध्ये जिथे हमखास आवाज तुटतो, त्याच वळणावर डिसेंबरात पानं झडल्यावर व्यवस्थित वाजतं. टपावर ओला बर्फ साचला असेल तर आधी तो अँटेनेवरून झाडा, मग रेडिओ बिघडलाय का ते बघा. सुरुवातीला सिरियसचे तीन उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत फिरायचे आणि उत्तर अमेरिकेच्या डोक्यावर जास्त वेळ उंच राहायचे. झाडांच्या मुलखात ती रचना सरस होती. आता ते निवृत्त झाले.

एक अनुभव सांगते. वेस्ट व्हर्जिनियातल्या पोकाहोंटास काउंटीत एका छोट्या इस्पितळाचं काम निघालं होतं. हा भाग नॅशनल रेडिओ क्वाएट झोनमध्ये येतो. ग्रीन बँकच्या दुर्बिणींना आकाशातले अतिक्षीण रेडिओ संकेत ऐकू यावेत म्हणून 1958 मध्ये सुमारे 13 हजार चौरस मैलांवर प्रक्षेपणाचे निर्बंध घातले गेले. शंभर मीटर व्यासाची ती पांढरी तबकडी वळणावर अचानक समोर येते तेव्हा गाडी बाजूला घ्यावीशीच वाटते. त्या दिवशी मी जवळपास तासभर आधीच फोनला मुकले होते. नकाशा अडकलेला, ॲपवरचं गाणं एका ओळीवर थिजलेलं. एफएमच्या पट्टीवर नुसती खरखर. आणि उपग्रहाचा रेडिओ मात्र बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस सांगत होता, दर दोन-तीन वळणांमागे एखादं वाक्य गिळत. क्वाएट झोनमध्ये जमिनीवरच्या मनोऱ्यांना लगाम आहे, पण हे वरून येतं. एकटीने गाडी चालवताना माणसाचा आवाज सोबत असणं म्हणजे काय, ते मला त्या रस्त्यावर कळलं.

अर्थात हेच काम घरून निघताना डाउनलोड करून घेतलेलं पुस्तकही करतं. लायब्ररीचं कार्ड असेल तर लिबी ॲपवर बोलती पुस्तकं फुकट मिळतात, आणि ती डोंगरातही तुटत नाहीत. फरक एवढाच की पुस्तक तुम्ही निवडलेलं असतं, आणि रेडिओवर आत्ता कुठेतरी कोणीतरी बोलत असतं. काहींना याने फरक पडत नाही. मला पडतो.

आवाजाबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. सिरियस आणि एक्सएम दोन्ही सेवांना मिळून 25 मेगाहर्ट्झची पट्टी, तिच्यात इतकी चॅनेलं कोंबायची म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येणार. बोलणं ठीक ऐकू येतं. पण जॅझमध्ये ड्रमवरच्या झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या लागतात, तुमच्या कानाला ते खटकेल. तोच कार्यक्रम कंपनीच्या ॲपवरून लावला तर बराच स्वच्छ येतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत 360एल नावाची व्यवस्था असते, ती उपग्रह आणि इंटरनेट दोन्ही वापरते. 2019 च्या गाडीत ती बहुधा नसेल.

मराठीसाठी म्हणून घेऊ नका, मराठी चॅनेल नाही. त्यासाठी आकाशवाणीचं न्यूजऑनएअर ॲप. उन्हाळ्यात इथे रात्री साडेआठला तिकडे सकाळचे सहा वाजतात, घरी परतताना सकाळच्या सभेतली गाणी लागतात. बाकी बेसबॉलचे सामने, बातम्या, मेट्रोपॉलिटन ऑपेरा, एकेका दशकाची गाणी, ट्रक ड्रायव्हरांसाठी रोड डॉग नावाचं चॅनेल (ट्रकवाल्यांच्या तक्रारी ऐकण्यात माझा एक अख्खा हिवाळा गेलाय), हा सगळा पसारा आहे. यादीवर भाळण्यापूर्वी तीन महिन्यांत तुम्ही प्रत्यक्षात किती चॅनेलं लावली ते मोजा. माझी सहा.

पैशाचं नीट बघा. फुकटचे दिवस संपताना सवलतीचा दर पुढे येतो, सहा महिने किंवा वर्षभरासाठी. हिशेब त्या दराने करू नका, मुदत संपल्यावर जो पूर्ण दर लागतो त्याने करा, कारण वर्गणी आपोआप पुढे चालू राहते. शिवाय संगीत असलेल्या पॅकेजवर जाहिरातीतल्या दराखेरीज 'म्युझिक रॉयल्टी फी' लावली जाते. गेल्या काही वर्षांत ती मूळ दराच्या पंचमांशाहून थोडी जास्तच होती. म्हणून फोनवर न बोलता चॅटवर विचारा: फी आणि कर धरून एकूण किती, आणि अमुक तारखेनंतर किती? उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. सवलत संपायच्या दहा दिवस आधीची आठवण फोनमध्ये आजच लावा.

बंद करण्याचा मुद्दा तर कोर्टापर्यंत गेला होता. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी डिसेंबर 2023 मध्ये खटला भरला, की वर्गणी रद्द करणाऱ्या ग्राहकाला मुद्दाम लांबण लावली जाते. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी रद्द करण्याची पद्धत केंद्रीय कायद्याला धरून नसल्याचं ठरवलं. तेव्हा रद्द करायला बसाल तेव्हा हातात चहा आणि तोंडात एकच वाक्य ठेवा: 'नको, बंद करा.' नवी ऑफर आली तर ऐकून घ्यायला हरकत नाही, पण ती वरच्या प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय घ्यायची नाही.

वर्गणी माणसाच्या नावावर असली तरी जोडलेली असते त्या एका रेडिओला. दुसऱ्या गाडीला वेगळी. गाडी विकाल तेव्हा ती बंद किंवा दुसऱ्या गाडीवर वर्ग करायला विसरू नका. रेडिओचा क्रमांक चॅनेल शून्यावर दिसतो. त्यात इंग्रजी ओ, आय, एस, एफ ही अक्षरं नसतातच, तेव्हा शून्य, एक आणि पाच असंच वाचा. चालू केल्यावर चॅनेलं दिसली नाहीत तर गाडी गॅरेजबाहेर उघड्यावर काढा, रेडिओ चालू ठेवा आणि कंपनीकडून रिफ्रेश सिग्नल, म्हणजे रेडिओ पुन्हा चालू करणारा संकेत, मागवा.

शेवटी 'ही पण बुडाली तर?' या शंकेबद्दल. कंपनीने डिसेंबर 2024 मध्ये एसएक्सएम-9 हा नवा उपग्रह सोडला आहे. निदान एवढ्यात दुकान आवरायचा विचार दिसत नाही.

आमच्याकडे माझ्या गाडीत आहे, नवऱ्याच्या गाडीत नाही. तो रोज डाउनटाउनला नऊ मैल जातो आणि वाटेत 90.5 ऐकतो.

उरलेल्या दिवसांत एक करा. तुमच्या नेहमीच्या लांबच्या रस्त्यावर एकदा जाताना फोनचं ॲप लावा, येताना उपग्रहाचा रेडिओ. कुठे कुठे आवाज गेला ते शेजारी बसणाऱ्याने कागदावर मांडायचं. तो रस्ता कुठला ते इथे लिहा. आय-79 दक्षिणेकडे किंवा रूट 219 असेल तर कुठल्या वळणांवर तुटेल ते मी आधीच सांगू शकेन.