‘फायटिंग मॅन’ बाई असेल तर तिला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: ‘आम्ही पाच जण दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा साहसाचा खेळ, खेळतो. कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, मराठीत करायला घेतली. ‘फायटर’ला योद्धा लिहिलं, पण दोन पात्रं बायका आहेत. त्यांना योद्ध्री म्हणायचं, वीरांगना, रणरागिणी, की योद्धाच? आणि मूळ नियमांत ‘फायटिंग मॅन’ असा शब्द होता म्हणतात. मग तेव्हा बाईला ते पात्र घेता यायचं का?’

योद्धाच लिहा. दोघींच्याही शीटवर, बिनदिक्कत. का, ते सांगायला मात्र तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावातून बाहेर पडला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिल्या खेपेला हजार प्रती. पहिल्या पुस्तिकेचं नावच ‘मेन अँड मॅजिक’. पात्रांचे वर्ग तीन: फायटिंग मेन, मॅजिक यूजर आणि क्लेरिक. मंत्र म्हणणाऱ्याच्या नावात पुरुष नाही, देवाचं नाव घेणाऱ्याच्याही नाही. तलवार हातात आली की ‘मॅन’ आला. हा खेळ टेबलावरच्या युद्धखेळांतून जन्मला होता. तिथे शिशाचे सैनिक सरकवायचे आणि त्यांना ‘मेन’ म्हणून मोजायचं, ही जुनी रीत. शब्द तिथून सवयीने आला असणार, यात मला खोट दिसत नाही. पण गायगॅक्सने खेळासाठी रचलेल्या काल्पनिक भुयारात सर्वांत आधी उतरलेल्या खेळाडूंत त्याचा मुलगा अर्नी होता, तशीच मुलगी एलिसही होती. खेळ छापून येण्याआधीच टेबलाशी एक मुलगी बसलेली होती.

‘मॅन म्हणजे माणूस, त्यात बाई आलीच’ हा बचाव व्युत्पत्तीच्या बाजूने पाहिला तर खोटा नाही. जुन्या इंग्रजीत ‘मान’ म्हणजे खरोखरच मनुष्यमात्र. पुरुषाला शब्द होता ‘वेर’ आणि स्त्रीला ‘वीफ’. ‘वीफमान’ झिजून ‘वुमन’ झाला. ‘वेर’ पुढे मेला, तो आता ओळखू येतो तो ‘वेअरवुल्फ’मध्ये, म्हणजे याच खेळातल्या एका राक्षसात. लॅटिन ‘विर’ आणि आपला ‘वीर’ ही त्याचीच भावंडं. हे लक्षात ठेवा, वीरांगनेपाशी पुन्हा लागेल.

पण शब्द सगळ्यांचा आहे की नाही, हे कोश उघडून कळत नाही. त्याच्या शेजारी कोणता तक्ता छापलाय ते बघावं लागतं. १९७६ मध्ये ‘द ड्रॅगन’ मासिकाच्या तिसऱ्या अंकात लेन लाकोफ्का यांचा लेख आला, स्त्रियांना या खेळात कसं आणायचं यावर. त्यात बायकांच्या पात्रांना वेगळे नियम होते. करिष्मा या गुणाच्या जागी ‘ब्यूटी’, आणि ताकदीसाठी नेहमीच्या तीन सहाबाजूंच्या फाशांऐवजी एक आठबाजूंचा, एक सहाबाजूंचा, म्हणजे १४ च्या वर जाणं नाही. ‘मॅन’मध्ये बाई आधीच असती तर तिला आत आणायला निराळा लेख लागला नसता.

तो मासिकातला लेख होता, ऐच्छिक. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधला तक्ता अधिकृत होता. तोपर्यंत ‘फायटिंग मॅन’ जाऊन नुसतं ‘फायटर’ झालं होतं, म्हणजे शब्द सुधारला होता. तक्ता असा: फायटरची ताकद १८ आली की पुन्हा शंभराचा फासा टाकायचा. मानवी पुरुषाला १८/०० (०० म्हणजे शंभर) पर्यंत वाट मोकळी, मानवी स्त्रीला १८/५० वर कुंपण. समजा दोघांनाही ८२ पडले. त्याला वार लागण्यासाठी अधिक दोन, इजेला अधिक चार. तिचे ८२ खोडून ५० लिहायचे आणि तिला अधिक एक, अधिक तीन. फासा तोच, टाकणारा हातही तोच असेल, आकडा मात्र रबराने पुसायचा. हाफलिंग, म्हणजे खेळातल्या बुटक्या जमातीतल्या, बाईला तर १४ ची मर्यादा, पुरुषाला १७. ताकद १४ असली की वाराला काही मिळत नाही, इजेलाही नाही. आणि या बदल्यात चपळाई, बुद्धी, कशातच काही वाढवून दिलेलं नव्हतं.

‘शरीरं वेगळी असतात, नियम वास्तव दाखवतो’ असं अजूनही ऐकू येतं. पण हा नियम सरासरीबद्दल बोलतच नाही, तो कमाल ठरवतो. सरासरी बाई भुयारात उतरत नसते. हजारांत एखादी उतरते, आणि नेमकं तिचंच कुंपण आखलेलं. शिवाय आगीचे गोळे फेकणाऱ्या जगात वास्तवाची आठवण फक्त बाईच्या दंडापाशीच का व्हावी? १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये शहरातल्या भेटीगाठींच्या तक्त्यात वेश्यांचा एक उपतक्ता आहे, कुंटिणी आणि दलाल धरून बारा प्रकारांचा. इंग्रजीला शब्दांची टंचाई नव्हती. शब्द कुठे खर्च झाले ते बघा.

पुढचा टप्पा शब्दप्रेमींसाठी सर्वांत महत्त्वाचा. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने ताकदीची ती मर्यादा काढून टाकली. त्याच पुस्तकात सर्वनामांवर एक टीपही आहे: सगळीकडे इंग्रजी ‘he’ म्हणजे ‘तो’ वापरलं आहे, त्यातून कुणाला वगळायचा हेतू नाही, शतकांच्या वापराने हे सर्वनाम लिंगमुक्त झालं आहे. आकडा सुटला, शब्द अडकला. १९७८ च्या बरोबर उलट. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक वर्गाला एक नमुना-पात्र दिलं आणि त्याच्या लिंगाप्रमाणे सर्वनाम चालवलं. फायटर टॉर्डेक, म्हणून तो. पॅलाडिन अलहँड्रा, म्हणून ती. विझर्ड मियाली, तीही ती. वाचताना कुठेही अडखळत नाही.

आता मराठी. योद्धृ या संस्कृत शब्दाचं स्त्रीलिंग नियमाने योद्ध्री होतं, नेता-नेत्री, अभिनेता-अभिनेत्री तसं. पण नेत्री कानाला ओळखीची आहे आणि योद्ध्री फक्त व्याकरणात राहते. बोलून बघा, टेबलावर तीनदा म्हणता म्हणता जीभ वळेनाशी होईल. वीरांगना हा शब्द मला या कामासाठी नको वाटतो. ‘वीर’च्या पोटात पुरुष आहेच, त्याला ‘अंगना’ जोडली, आणि अंगना म्हणजे सुंदर अंगाची स्त्री. लाकोफ्का यांची ‘ब्यूटी’ मागच्या दाराने परत आली. शिवाय एक वेलांटी चुकली की वारांगना. रणरागिणी हा गौरवाचा शब्द आहे, मोर्च्याच्या बातमीतला, सत्काराच्या फलकावरचा. गौरव अपवादाचा होतो. तुमची पहिल्या पातळीची, सहा प्राण-गुणांची, अजून एक उंदीरही न मारलेली पोरगी रणरागिणी नव्हे. ती योद्धा आहे, नवशिकी.

‘-ईण’ लावायचा मोह होईल. लावू नका. पाटील-पाटलीण, सुभेदार-सुभेदारीण: हा प्रत्यय पुष्कळदा हुद्दा देत नाही, हुद्देदाराची बायको देतो. मास्तरीणबाई स्वतः शिकवतात की मास्तरांच्या घरात राहतात, हे संदर्भाशिवाय कळत नाही. त्यापेक्षा ती डॉक्टर, ती वकील, ती सरपंच हे वळण मराठीने केव्हाच पचवलंय. ‘ती योद्धा’ त्याच रांगेत बसतं. जरा मातीतला शब्द हवा असेल तर ‘शिलेदार’ बघा. बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा घोडा आणि हत्यारं स्वतःची. या खेळातही सुरुवातीच्या नाण्यांतून आपली तलवार आपणच घ्यायची असते. ‘ती शिलेदार’ला काही अडत नाही.

नाम असं मोकळं सोडता येतं, कारण मराठीत लिंगाचं काम क्रियापद करतं. इंग्रजीत ‘यू एंटर द रूम’ म्हणून डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, मोकळा होतो. आपल्याला ‘तू आत शिरलास’ की ‘शिरलीस’ हे ठरवावंच लागतं. आणि तरी भाषेने जागोजागी फटी ठेवल्या आहेत. मी तलवार उपसली, मी दार उघडलं, मी उडी मारली: यात बोलणारा पुरुष की बाई, कळत नाही, क्रियापद कर्माकडे बघतंय. मी दार उघडीन, तू पडशील: भविष्यातही कळत नाही. ‘मी चढतो’ आणि ‘मी चढते’ इथेच उघड होतं. आमच्या टेबलावर साठी उलटलेले एक काका धनुर्धर बाईचं पात्र खेळतात. पहिले दोन रविवार ते ‘मी झाडावर चढतो’ म्हणत होते. तिसऱ्या रविवारी गॉब्लिन पाठीशी लागले, आणि घाईत त्यांच्या तोंडून निघालं, ‘थांबा, मी वरून बाण सोडते!’ कुणी मान वर करून पाहिलं नाही, सगळे फाशाकडे बघत होते. तेव्हापासून ते चढते, धावते, लपते असंच बोलतात.

उलट बाजूही सांगते. मी कोल्हापूरची. माझी आजी ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणायची. आमच्याकडे बायका असंच बोलतात आणि त्यात त्या पुरुष होत नाहीत. तुमच्या दोघींपैकी कुणी तिकडची असेल आणि तिची योद्धा ‘मी पुढं जातो’ म्हणाली, तर दुरुस्त करू नका.

राहिला रूपांचा प्रश्न. ‘योद्ध्याने वार केला’ हे रूप पुल्लिंगीच वाटतं, तेव्हा नियम लिहिताना वाक्य फिरवा: ‘योद्धा असलेल्या पात्राला दर पाळीत एक वार’. अनेकवचनी ‘योद्धे’ चालू द्या. आणि जुनी आवृत्ती खेळत असाल तर पातळ्यांची बिरुदंही भाषांतरात येतील. तिसऱ्या पातळीला १९७४ मध्ये ‘स्वोर्ड्समन’ होतं. १९८१ च्या टॉम मोल्डवे यांच्या बेसिक आवृत्तीत ते ‘स्वोर्डमास्टर’ झालं. त्याला ‘तलवारबाज’ लिहा, दोघींनाही आणि तिघांनाही.