एकाच वेळी बोलणारे सेन्सर

प्रश्न : आमचे बॅटरीवर चालणारे 40 सेन्सर दर 5 मिनिटांनी एकाच गेटवेकडे (नोंदी गोळा करणाऱ्या उपकरणाकडे), एकाच चॅनेलवर नोंद पाठवतात. एका नोंदीचे पॅकेट पाठवायला सुमारे 50 मिलिसेकंद लागतात. सिग्नल चांगला असूनही काही सेन्सरच्या नोंदी बराच काळ येत नाहीत आणि मग आपोआप सुरू होतात. प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र वेळ नेमून द्यावी का?

उत्तर : इतक्यात नको. सगळे मिळून 300 सेकंदांत जेमतेम 2 सेकंद प्रसारण करतात, त्यामुळे पाठवण्याच्या वेळा खरोखरच यादृच्छिक असत्या, तर एखाद्या पॅकेटची टक्कर होण्याची, म्हणजे एकाच वेळी पाठवलेल्या दुसऱ्या पॅकेटमुळे ते बिघडण्याची, शक्यता सव्वा टक्क्याच्या आसपास राहिली असती. तुमची अडचण गर्दीची नसून ठरावीक तालाची दिसते. ज्या दोन सेन्सरच्या वेळा एकदा जुळल्या, ते पुढच्या फेरीतही एकमेकांवर आदळतात. त्यांच्या घड्याळांत प्रत्येकी 20 पीपीएमपर्यंत (दहा लाख सेकंदांत 20 सेकंद) चूक धरली, तरी 5 मिनिटांत ते एकमेकांपासून फार तर 12 मिलिसेकंद सरकतात, आणि घड्याळे जवळपास सारखीच चालत असतील तर सुटका व्हायला तास लागतात. म्हणून प्रत्येक फेरीत, केवळ सुरुवातीला नव्हे, काही सेकंदांचा नवा यादृच्छिक विलंब मिसळा. या विलंबासाठीच्या यादृच्छिक संख्यांचे बीज (ज्यापासून त्या तयार होतात तो सुरुवातीचा आकडा) सेन्सरच्या स्वतंत्र क्रमांकावरून घ्यावे, अन्यथा सगळे सेन्सर एकच ‘यादृच्छिक’ क्रम गिरवतील. असे घडलेले अनेकदा दिसते.

पाठवण्यापूर्वी चॅनेल मोकळे आहे का, हे ऐकणेही उपयोगी आहे. कमी विजेवर चालणाऱ्या रेडिओंसाठीच्या आयट्रिपलई 802.15.4 मानकात 2.4 गिगाहर्ट्झवर ही तपासणी 128 मायक्रोसेकंदांत होते, त्यामुळे बॅटरीवर भार थोडाच पडतो. मात्र गेटवेच्या विरुद्ध बाजूंना असलेले दोन सेन्सर एकमेकांना ऐकूच शकत नसतील, तर दोघांनाही चॅनेल मोकळे वाटते आणि टक्कर गेटवेपाशी होते. तिथे गेटवेकडून पॅकेट मिळाल्याची पोच मागवणे आणि ती न आल्यास यादृच्छिक, दर वेळी वाढत्या विलंबाने पुन्हा पाठवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. प्रयत्नांना मर्यादा घाला, कारण पुनर्प्रेषणही गर्दीत भरच घालते. पॅकेट लहान करता आले तर टकरी आणि वीजखर्च दोन्ही घटतात.

नेमून दिलेल्या वेळांसाठी घड्याळे सतत जुळवत राहावी लागतात आणि त्यासाठी रेडिओ वारंवार जागा ठेवावा लागतो. सेन्सर शेकड्यांनी वाढले किंवा नोंद ठरलेल्या वेळेत पोहोचणे अनिवार्य झाले, तर हा खर्च परवडतो.

हे बदल करण्याआधी प्रत्येक पॅकेटमध्ये चढता अनुक्रमांक घाला. कोणत्या सेन्सरची कोणती नोंद हरवली, हे त्याशिवाय नेमके मोजता येणार नाही.