विमान कंपन्यांचे एएसके-आरपीके आकडे वाचायला बसताय? आधी हे बघा

प्रवाशांची डोकी मोजून मागणी कळत नाही, अंतरही धरावं लागतं. उपलब्ध आसनं गुणिले किलोमीटर म्हणजे एएसके, ही क्षमता. तिकीट काढलेले प्रवासी गुणिले किलोमीटर म्हणजे आरपीके, ही मागणी. आरपीके भागिले एएसके, की लोड फॅक्टर, म्हणजे क्षमता किती टक्के भरली ते आलं.

नवखे हमखास चुकतात ते सरासरीत. १८० आसनी विमान, १,००० किमी, १५० प्रवासी: ८३.३ टक्के. दुसरं ३०० आसनी, ५,००० किमी, २१० प्रवासी: ७० टक्के. एकत्रित आकडा ७६.७ नव्हे, ७१.४! आधी दोन्हींचे आरपीके आणि एएसके वेगवेगळे बेरजेला घ्या, मगच भागा. प्रदेशांचे लोड फॅक्टर एकत्र करतानाही तसंच.

आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या तक्त्यात प्रदेश ठरतो तो विमान कंपनीच्या नोंदणीवरून, मार्गावरून नाही. एमिरेट्सचं लंडन-दुबई उड्डाण मध्यपूर्वेच्याच खात्यात जातं. त्यावरून युरोपची मागणी ठरवू नका.

मागच्या वर्षाशी तुलना करताना फेब्रुवारी तर फसवाच. २०२४ मध्ये २०२३ पेक्षा एक दिवस जादा, म्हणजे सुमारे ३.६ टक्के वाढ फुकटची. त्यात प्रवासाच्या गर्दीचं चिनी नववर्ष २०२३ ला २२ जानेवारीला, २०२४ ला १० फेब्रुवारीला. आशिया-पॅसिफिकसाठी जानेवारी-फेब्रुवारी एकत्र करूनच तुलना करा.